घटस्फोटानंतर मुलांचा ताबा, भेटी आणि पोटगी : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विभक्त झालेल्या किंवा घटस्फोट घेतलेल्या आईवडिलांचे बहुतेक प्रश्न तीन गोष्टींचे असतात: मूल कुणाकडे राहणार, दुसऱ्या पालकाला ते कधी भेटणार आणि त्याचा खर्च कोण देणार. कायद्यात या तिन्हींचे मार्ग वेगळे आहेत आणि तिन्ही हक्क मुळात मुलाचे आहेत. पालक या गोष्टी एकमेकींत अडकवतात आणि तिथूनच बहुतेक भांडणं चिघळतात, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं भारतातल्या कायद्यानुसार आहेत. प्रत्येक प्रकरणाचे बारकावे निराळे असतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी आपली कागदपत्रं वकिलाला दाखवा.

मुलाचा ताबा नेहमी आईलाच मिळतो, हे खरं आहे का?

नाही. ताबा आईचाही हक्क नाही आणि वडिलांचाही नाही. न्यायालय मुलाचं हित पाहतं. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम (कलम १७) आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम (कलम १३) या दोन्हींत हाच निकष आहे.

हित म्हणजे काय, हे साध्या साध्या गोष्टींवरून ठरतं. आजवर मुलाचं रोजचं कोण करत आलं? शाळेच्या पालकसभेला कोण जातं, आजारपणात रात्र कोण जागवतं, डॉक्टरांना मुलाची ॲलर्जी कोण सांगू शकतं? शाळा बदलावी लागेल का? भावंडांची ताटातूट होईल का? पालक कामावर असताना घरी कोण असतं? आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे पक्षकारांचं दुर्लक्ष होतं: दुसऱ्या पालकाशी मुलाचं नातं टिकू देण्याची कुणाची तयारी जास्त आहे? जो पालक मुलासमोर दुसऱ्याबद्दल विष कालवतो, त्याच्याबद्दल न्यायाधीशांच्या मनात शंका उभी राहते, आणि ती रास्त आहे.

पगार जास्त असणं हा ताब्याचा आधार होत नाही. पगार जास्त असलेल्या पालकाला मुलाचा खर्च द्यायला सांगता येतो, त्यासाठी मूल त्याच्या घरी असावं लागत नाही.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. ‘सामान्यतः’ हा शब्द कायद्यातलाच आहे. आईकडे राहणं मुलासाठी घातक आहे असं वडिलांना वाटत असेल, तर ते पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर येते. मूल पाच वर्षांचं झालं म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे जात नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी कित्येक आया मुलाच्या पाचव्या वाढदिवसाची धास्ती घेऊन जगतात.

मुस्लिम कायद्यात लहान मुलाच्या ताब्याच्या आईच्या हक्काला हिजानत म्हणतात. हनफी पंथात तो मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत आणि मुलीच्या बाबतीत ती वयात येईपर्यंत मानला जातो. प्रकरण न्यायालयात आलं की तिथेही मुलाचं हित पाहिलं जातं.

ताबा आणि पालकत्व यांत फरक काय?

ताबा म्हणजे मूल प्रत्यक्ष कुणाजवळ राहतं. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार: बँकेतलं खातं, मालमत्ता, मोठी शस्त्रक्रिया, पासपोर्ट. मूल आईकडे राहत असलं तरी वडील पालक राहतात, आणि उलटही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असं लिहिलेलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच घ्यायचा नाही. वडील मुलाच्या जबाबदारीतून अंग काढून बसले असतील, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. बँकेने किंवा शाळेने ‘वडिलांची सही आणा’ म्हणून अडवलं, तर ताब्याच्या आदेशाची प्रत आणि या निकालाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा. तोंडी हुज्जतीपेक्षा लेखी अर्जाला उत्तर देणं त्यांना भाग पडतं.

मुलाच्या नावावर घर किंवा जमीन असेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती आईलाही विकता येत नाही आणि वडिलांनाही नाही.

आमचा घटस्फोट झालेला नाही, फक्त वेगळे राहतो. तरी आदेश मिळतो का?

मिळतो. ताबा, भेट आणि पोटगी यांसाठी घटस्फोटाची वाट पाहायची गरज नाही. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली अर्ज करता येतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालेलं असेल तर कलम ३८ आहे. दावाच नसेल तर पालक आणि पाल्य अधिनियमाखाली स्वतंत्र अर्ज होतो.

अर्ज कुठे करायचा?

मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. दुसरा पालक वेगळ्या शहरात राहतो म्हणून ताब्याचा अर्ज त्या शहरात करावा लागत नाही.

न्यायाधीश मुलाला विचारतात का?

मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेतली जाते. अमुक वय झालं की मुलाचा शब्द अंतिम, असा नियम कायद्यात नाही. सहसा न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात. कधी आधी समुपदेशक भेटतात.

पढवलेलं मूल ओळखू येतं. आठ वर्षांचा मुलगा मोठ्या माणसांच्या भाषेत आरोप करू लागला की ते शब्द कुणाचे आहेत हे विचारावं लागत नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुलाला एवढंच सांगा: जे वाटतं ते बोल, तू काहीही बोललास तरी आम्ही दोघं तुझ्यावर रागावणार नाही. आणि घरी आल्यावर ‘काय सांगितलंस?’ असं विचारू नका. आईवडिलांपैकी एकाची निवड करायला लावणं हे मुलावरचं फार मोठं ओझं आहे, ते आपण होऊन वाढवू नये.

संयुक्त ताबा मागता येतो का?

मागता येतो. विधी आयोगाने मे २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणण्याची शिफारस केली होती. तसा बदल कायद्यात झालेला नाही, पण न्यायालयं आपल्या अधिकारात असे आदेश देतात आणि संमतीच्या अटींतही (दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या लेखी अटी) तसं लिहून घेता येतं. दोघांची घरं शाळेपासून जवळ असतील आणि मुलाच्या कामापुरतं तरी एकमेकांशी सरळ बोलता येत असेल, तरच ही व्यवस्था चालते. एकमेकांचे फोनही न उचलणाऱ्या दोघांनी हट्टाने संयुक्त ताबा घेतला, तर दर आठवड्याला बॅग घेऊन फिरणाऱ्या मुलाची फरपट होते.

भेटीच्या आदेशात काय काय लिहून घ्यावं?

याचं उत्तर लांब आहे, कारण आदेश जितका मोघम तितके पुढचे वाद जास्त. ‘वडिलांना मुलाला वाजवी वेळी भेटता येईल’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. ‘वाजवी’ म्हणजे काय यावर पुढची दोन वर्षं तारखा पडत राहतील.

दिवस आणि वेळ लिहा: पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, असं स्पष्ट. मूल कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, कोण आणणार, कुणाला उशीर झाला तर किती वेळ थांबायचं. मूल रात्री मुक्कामाला जाणार का, आणि लहान असेल तर कोणत्या वयापासून. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी कशी वाटायची. बहुतेकजण अर्धी अर्धी करतात, पण पहिला अर्धा भाग कोणत्या वर्षी कुणाचा हे लिहायचं राहून जातं. वाढदिवस, सण, आजोळचं आणि वडिलांकडचं लग्नकार्य. मूल आजारी पडल्यामुळे भेट चुकली तर बदली दिवस कोणता. व्हिडिओ कॉल कोणत्या वेळी आणि किती मिनिटं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० च्या एका निकालात म्हटलं आहे की भेट शक्य नसेल तेव्हा फोन आणि व्हिडिओ कॉलने मुलाशी संपर्क राहिला पाहिजे.

शाळेचा निकाल, वैद्यकीय कागद आणि पालकसभेची सूचना दोघांनाही मिळेल, हे वाक्य आवर्जून घाला. ताबा नसलेल्या पालकाला शाळेच्या दारात परक्यासारखं उभं राहावं लागतं, ते या एका वाक्याने टळतं.

सुरुवातीला ताण फार असेल, तर न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या कक्षात किंवा समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेटी ठेवता येतात. तिथे सगळं सुरळीत झालं की बाहेरच्या भेटींसाठी अर्ज करा.

ते पोटगी देत नाहीत, मग मी भेट बंद केली तर चालेल का?

नाही. आणि उलट दिशेनेही उत्तर हेच आहे: ‘मुलाला भेटू देत नाही, म्हणून पैसे देणार नाही’ हेही चालत नाही. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करा, भेट अडवली तर अंमलबजावणीचा. एका आदेशाचा भंग झाला म्हणून दुसरा आदेश मोडायची मुभा मिळत नाही. भेट बंद करणारी आई पोटगीच्या अर्जावर बाजू मांडताना कमकुवत होते. पोटगी रोखणारा बाप भेटीच्या अर्जावर कमकुवत होतो. यात मुलाचं दोन्हीकडून नुकसान होतं, हे लिहितानाही मन दुखतं, कारण असं रोज घडतं.

मूलच जायला तयार नसेल तर?

आधी कारण शोधा. खेळ बुडतो, तिकडे कुणी मित्र नाहीत, अभ्यासावरून ओरडा बसतो, अशी कारणं असतील तर ती दोघांनी बोलून सुटतात. कधी मूल फक्त मागे राहणाऱ्या पालकाचा चेहरा वाचत असतं: मी गेलो तर आई रडेल, मी गेले तर बाबा एकटे पडतील. अशा वेळी तुम्ही आनंदाने निरोप दिलात की अर्धं काम होतं.

मूल घाबरत असेल, अंगावर खुणा असतील, वागणं एकदम बदललं असेल, तर ती वेगळी बाब आहे. डॉक्टरांना दाखवा, नोंद करून घ्या आणि भेटीचा आदेश बदलण्यासाठी ताबडतोब अर्ज करा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

कारण कोणतंही असो, प्रत्येक भेटीची साधी नोंद ठेवा: तारीख, वेळ, काय झालं. भाष्य नको.

मुलाची पोटगी किती मिळते? पगाराच्या ठरावीक टक्के असते का?

मुलांच्या पोटगीसाठी कायद्यात ठरावीक टक्केवारी नाही. मुलाच्या गरजा, दोघांची ऐपत आणि एकत्र असताना मुलाचं राहणीमान पाहून रक्कम ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणांत मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी देणं आवश्यक केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असंही त्यात आहे. हे प्रतिज्ञापत्र तुमच्या प्रकरणाचा पाया आहे. शाळेची फी, बस, शिकवणी, औषधं, विमा, घरभाड्यातला मुलाचा वाटा, सगळं पावत्यांसह मांडा. समोरचा उत्पन्न लपवत असेल तर त्याचे बँक तपशील आणि आयकर विवरणपत्रं मागवण्याची विनंती न्यायालयाला करता येते. आकडे फुगवू नका. एक खोटा आकडा सापडला की खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

मी कमावती आहे. मग वडिलांना काही द्यावं लागत नाही का?

लागतं. आईला स्वतःसाठी पोटगी नाकारली गेली तरी मुलाचा हक्क वेगळा राहतो. आईचं उत्पन्न पुरेसं असेल तर खर्च दोघांत प्रमाणात वाटला जाऊ शकतो. मूल वडिलांकडे असेल आणि आई कमावती असेल, तर तिलाही वाटा द्यायला सांगता येतं.

पोटगी मुलाच्या कोणत्या वयापर्यंत?

साधारणपणे अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे मूल स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर पुढेही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० नुसार अविवाहित मुलीला, ती स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू शकत नसेल तर, सज्ञान झाल्यावरही हक्क आहे. अठराव्या वर्षी शिक्षण संपत नाही, खरं तर मोठा खर्च तेव्हाच सुरू होतो. म्हणून संमतीच्या अटी लिहिताना उच्च शिक्षणाचा खर्च कोण किती देणार, हे तिथेच लिहून घ्या.

आदेश होऊनही पैसे येत नाहीत. काय करू?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा आदेश असेल (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं), तर थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज करा. न्यायालय वॉरंट काढू शकतं, आणि त्यानंतरही रक्कम राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही. एक मुदत मात्र घट्ट लक्षात ठेवा: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज व्हायला हवा. ‘देईल, देईल’ म्हणत थांबल्यामुळे अनेकांची जुन्या महिन्यांची थकबाकी या मार्गाने वसूल करता येत नाही.

लवकर सुटका व्हावी म्हणून मुलाची पोटगी सोडून दिली तर?

परस्पर संमतीच्या घटस्फोटात असं वाक्य बऱ्याचदा घातलं जातं. स्वतःची पोटगी सोडणं हा तुमचा निर्णय आहे. मुलाची पोटगी तुमची नाही, ती सोडण्याचा अधिकारही तुम्हाला नाही, आणि असं लिहून दिलं असलं तरी मुलाच्या वतीने पुढे मागणी करता येते. तरीही ते वाक्य लिहूच नका, कारण पुढे त्यावरूनच वर्षानुवर्षं वाद घातला जातो.

मी दुसरं लग्न केलं तर ताबा जाईल का?

केवळ त्या कारणाने नाही. नव्या घरात मूल कसं आहे, हे पाहिलं जातं. सावत्र वडिलांना मूल दत्तक घ्यायचं असेल, तर सख्ख्या वडिलांची संमती सहसा लागते. लग्न झालं म्हणून त्यांचं नातं कायद्याने पुसलं जात नाही.

नोकरीसाठी मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात किंवा परदेशात जाता येईल का?

आदेशात बंदी असेल, किंवा जाण्याने ठरलेल्या भेटी अशक्य होणार असतील, तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या. अर्जात नवी शाळा, घर, तिथे मदतीला कोण आहे आणि भेटींची पर्यायी योजना मांडा. शनिवार-रविवारच्या भेटी जात असतील, तर त्या बदल्यात सुट्टीतले जास्त दिवस तुम्ही स्वतःहून देऊ करा. न्यायालयाने पालक नेमलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही, हे १८९० च्या कायद्यातच आहे.

परदेशातून मुलाला परस्पर भारतात आणलं असेल तर प्रकरण अवघड होतं. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. परदेशी न्यायालयाचा आदेश आपली न्यायालयं विचारात घेतात, पण निर्णय मुलाच्या हितावरच होतो. अशा प्रकरणात दोन्ही देशांतला वकील लागतो, आणि उशीर केला तर मूल इथे रुळल्याचा मुद्दा उभा राहतो.

दुसऱ्या पालकाने मूल परत आणून दिलंच नाही तर?

ताब्याचा आदेश असेल तर त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा आणि अवमानाचा अर्ज करा. मूल बेकायदेशीरपणे रोखलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (रोखून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी) करता येते. कोणताही आदेश नसेल तर पोलीस बहुधा ‘कौटुंबिक वाद’ म्हणून न्यायालयात जायला सांगतात. म्हणूनच वेगळं राहायला लागल्यावर निदान अंतरिम ताब्याचा आदेश लवकर मिळवावा. चिडून मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणू नका. त्या एका दुपारचं वर्णन पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

पासपोर्टसाठी दोघांची सही लागते का?

सर्वसाधारणपणे दोघांचं संमतीचं घोषणापत्र लागतं, ते ॲनेक्शर डी या नमुन्यात. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल, तर एकट्या पालकाला ॲनेक्शर सी भरून अर्ज करता येतो. त्यात न्यायालयातल्या प्रकरणाची माहिती खरी द्या. मूल परदेशी नेलं जाईल अशी भीती असेल, तर पासपोर्ट न्यायालयात जमा करून घेण्याची मागणी करा.

आजी-आजोबांना भेटीचा हक्क आहे का?

कायद्यात त्यांच्यासाठी वेगळं कलम नाही. मुलाच्या हिताचं असेल तर न्यायालय परवानगी देतं. सोपा मार्ग म्हणजे पालकाच्या भेटीच्या वेळात त्यांची भेट घडवणं.

घरात मारहाण होत होती. तरीही त्यांना मुलाला भेटू द्यावं लागेल का?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला अपायकारक असेल तर ती नाकारू शकतात. आधी सुरक्षित जागी जा. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१. वैद्यकीय कागद, फोटो आणि संदेश जपून ठेवा. वर भेटी चालू ठेवण्याबद्दल जे सांगितलं, ते अशा घरांना तसंच्या तसं लागू करू नये.

एकदा झालेला आदेश बदलता येतो का?

येतो. मुलांविषयीचे आदेश कायमचे गोठलेले नसतात. मूल मोठं होतं, शाळा बदलते, पालकाची नोकरी जाते किंवा आजारपण येतं. परिस्थिती बदलल्याचं दाखवून ताबा, भेट किंवा पोटगीची रक्कम बदलून मागता येते. तोवर जुनाच आदेश लागू असतो, आपण होऊन रक्कम कमी करू नका.

वकील लावणं परवडत नाही. मग?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. पुरुषांना सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. ओळखपत्र, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि आधीचे आदेश असतील तर त्यांच्या प्रती सोबत न्या. फोनवरून चौकशीसाठी क्रमांक १५१००.